प्लास्टिकवरचं पेरोव्स्काइट: दाणे टपोरे, तरी सेल वाकवला की मरतो

गोदाकाठ | ९ जुलै, रात्री १०:४०

राम राम मंडळी. इथं पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी मराठवाड्यातल्या एका विभागात पीएचडी करायलोय. विषय वाकणारे पेरोव्स्काइट सौर सेल. कल्पना आमच्या गाईडची. एप्रिल-मेमध्ये रानात राबणाऱ्या बायामाणसांच्या मनगटाला एक पट्टा असावा, त्यानं नाडी आणि कातडीचं तापमान मोजावं आणि ऊन बाधायच्या आत थरथरून सांगावं. चार्जिंगची कटकट नको म्हणून सेल पट्ट्यावरच. बीड-परभणीकडं बाकी कशाचा दुष्काळ असो, उन्हाचा नाही.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पेरोव्स्काइट हे मूळचं उरल पर्वतात १८३९ मध्ये सापडलेल्या एका खनिजाचं नाव, कॅल्शियम टायटनेटचं. आम्ही वापरतो ते खनिज नव्हे, त्याच घडणीचा प्रयोगशाळेतला स्फटिक: शिसं, आयोडीन आणि पोकळीत बसलेला एखादा सेंद्रिय आयन किंवा सीझियम. २००९ साली जपानमध्ये यातून ३.८ टक्के वीज निघाली होती, आता काचेवरचे छोटे सेल २६ टक्क्यांच्या पुढं गेलेत. सिलिकॉनची चकती साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन जाड लागते, याचा थर अर्ध्या मायक्रॉनचा पुरतो. शिवाय द्रावणातून शंभर-दीडशे अंशात जमतो, म्हणून प्लास्टिकवर घालता येतो.

आता दुखणं. फॉर्मामिडिनियम-सीझियमचं मिश्रण, डीएमएफ-डीएमएसओ या द्रावकांमध्ये द्रावण, स्पिन कोटिंग (गरगर फिरवून पातळ थर पसरवणं), फिरतानाच वरून क्लोरोबेन्झिन, मग १०० अंशाच्या हॉटप्लेटवर अर्धा तास. काचेवर सेल झकास होतात. तीच कृती १२५ मायक्रॉनच्या पीईटी प्लास्टिकवर केली की एक सेल बरा, शेजारचा भंगार. आणि बऱ्या सेलला पेनाभोवती शंभर-दोनशे वेळा वाकवलं की तोही बसतो. गंमत म्हणजे एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत दाणे टपोरे दिसतात, काचेवरच्यापेक्षा मोठे! मी तर फोटो पाहून पेढे वाटायच्या बेतात होतो.

कुणी या वाटेनं गेलंय का?

---

शंकासुर | ९ जुलै, रात्री ११:१५

काही कळालं नाही, पण वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

तेरणाकाठ | १० जुलै, सकाळी ७:०५

जुलै चालू आहे दादा. आधी हवेतला दमटपणा बघ. आमच्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, तेव्हा केलेली फिल्म छान काळीभोर यायची, आणि पहिला मोठा पाऊस झाला की तीच पिवळी पडायची. हे संयुग पाण्याला फार हळवं. ग्लोव्हबॉक्समध्ये (कोरड्या वायूच्या बंद पेटीत) करतोस की बाहेर?

---

गोदाकाठ | १० जुलै, सकाळी ९:३०

ग्लोव्हबॉक्समध्येच. लाईट गेली की त्याचं शुद्धीकरण बंद पडतं ते वेगळं, पण त्या दिवशी मी सेल करत नाही. आणि दमट हवाच कारण असती तर काचेवरचे सेलही बिघडले असते. ते नीट येतात.

---

निवृत्त_पॅनमन | १० जुलै, दुपारी १२:२०

गोदाकाठ, मी साखर कारखान्यात पॅनवर ३४ वर्षं काढली. तुमचं शिशाचं मला ठाऊक नाही, पण दाण्याचं जरा कळतं म्हणून लिहितो. नातू टाईप करून देतोय.

पॅनमध्ये पाक आटवताना सगळा खेळ संपृक्ततेचा, म्हणजे पाण्यात मावेल त्याच्या किती पट साखर आहे त्याचा. संपृक्ततेच्या वर, पण १.२ पटीच्या आत ठेवलं तर असलेले दाणे वाढतात, नवे जन्मत नाहीत. १.३ च्या पुढं गेलं की आपोआप बारीक दाण्याचा पाऊस पडतो. त्याला आम्ही फॉल्स ग्रेन म्हणायचो. मग पाणी मारून ते धुवायचे, नाहीतर सेंट्रिफ्यूगलच्या जाळ्या बुजतात आणि मळी सुटत नाही. म्हणून चांगला पॅनमन दाणे आपोआप पडायची वाट बघत नाही. साखरेची भुकटी स्पिरिटमध्ये घोटून मोजकं बी सोडतो आणि पुढं आटवायची घाई करत नाही. घटकाघटकाला काठीनं नमुना काढून काचेवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा. बारीक दाण्याची एस-३० पाडायची की मध्यम दाण्याची एम-३०, हे पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. नंतर कितीही नाचा.

तुमच्यात बी कोण सोडतं?

---

गोदाकाठ | १० जुलै, दुपारी २:५०

काका, दंडवत! आमच्या पुस्तकात हेच आहे, फक्त इतकं सरळ लिहिलेलं नाही.

आमच्यात बी सोडायचं काम ते क्लोरोबेन्झिन करतं. त्यात शिशाचं आयोडाइड विरघळत नाही, पण डीएमएफ त्यात मिसळून निघून जातं. म्हणजे एका क्षणात द्रावण तुमच्या १.३ च्या पार पलीकडं. तुम्ही ज्याला घाबरता तो बारीक दाण्याचा पाऊस आम्ही मुद्दाम पाडतो, कारण आम्हाला पृष्ठभागभर पेरणी दाट लागते. पातळ पेरलं की नांग्या पडतात, आणि सेलमध्ये नांगी म्हणजे भोक, म्हणजे वरचा धातू खालच्या थराला टेकून शॉर्ट. एकदा दाट उगवलं की मग मात्र तुमच्यासारखंच हळू वाढवायचं. त्यासाठी डीएमएसओ. ते शिशाच्या आयोडाइडला धरून ठेवतं, दोघांचं एक अधलंमधलं संयुग होतं, आणि हॉटप्लेटवर ते हळूहळू सोडतं. जोडीला मी मिथिलअमोनियम क्लोराइड थोडं घालतो. ते दाणे वाढेपर्यंत थांबतं आणि तापवताना बरंचसं उडून जातं.

---

खडूस_परीक्षक | १० जुलै, रात्री ९:१०

पेढे वाटले नाहीत ते बरं केलंत.

वरून काढलेला एसईएम फोटो म्हणजे लग्नातला फोटो. सगळे हसतायत, घरात काय चाललंय ते दिसत नाही. तीन प्रश्न.

फिल्म आडवी मोडून काप बघितला का? दाणा वरपासून खालपर्यंत एकसंध आहे की खाली पोकळ्या आहेत? डीएमएसओ तळाशी अडकून राहिलं तर निघताना तिथं पोकळ्या सोडतं. वरून पाटलाचा वाडा, खालून उंदराची बिळं.

एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) १२.७ अंशाला शिखर आहे का? असलं तर शिशाचं आयोडाइड उरलंय. ११.८ ला आहे का? असलं तर फॉर्मामिडिनियमची पिवळी, षट्कोनी अवस्था शिल्लक आहे, जी वीज देत नाही. आणि कृपा करून शिखराच्या रुंदीवरून दाण्याचा आकार काढू नका. दाणा काहीशे नॅनोमीटरच्या पुढं गेला की ती रुंदी तुमच्या यंत्राची असते, दाण्याची नाही. हे मी निम्म्या प्रबंधांत बघतो आणि प्रत्येक वेळी माझा रक्तदाब वाढतो.

तिसरं, फिल्मचा मध्य आणि कड वेगवेगळे मोजा. 'एक सेल बरा, शेजारचा भंगार' याचा अर्थ कृती एकच पण परिस्थिती दोन.

---

शंकासुर | १० जुलै, रात्री ९:४०

खडूस सर, मागच्या जन्मी माझ्या तोंडी परीक्षेला तुम्हीच होता.

---

अर्धवट_इंजिनिअर | ११ जुलै, सकाळी ८:००

मी पट्टा बनवणाऱ्यांच्या बाजूचा, म्हणून थोडा हिशेब. भर दुपारी ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट. मनगटावर १० चौ. सेंमी जागा धरली तर १ वॅट ऊन पडतं. सेल १५ टक्क्यांचा असला तर १५० मिलिवॅट. हात हलतो, बाही येते, सेल सूर्याकडं बघत नाही, म्हणून दहावा भाग धरा: १५ मिलिवॅट. अधूनमधून मोजून ब्लूटूथवर पाठवणारा पट्टा सरासरी अर्धा मिलिवॅटसुद्धा खात नाही.

म्हणजे १५ चे १८ टक्के करून मला काडीचा फायदा नाही. मला १० टक्केच द्या, पण दोन उन्हाळे टिकणारे द्या.

आता उलटी बाजूही सांगतो. २०३२ चा बटण सेल २२५ मिलिअँपिअर-तास आणि ३ व्होल्टचा असतो. अर्ध्या मिलिवॅटला तो पावणेदोन-दोन महिने जातो, आणि कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. तुमचा सौर पट्टा त्याच्याहून सरस का, याचं उत्तर गाईडकडं आहे का?

---

गोदाकाठ | ११ जुलै, दुपारी १:२०

जीपीएस किंवा मोबाईल नेटवर्कचं मॉड्यूल घातलं की खप पुष्कळ पटीनं वाढतो, तिथं बटण सेल तग धरत नाही. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांच्या कोपीवर चार्जिंगची सोय नसते, हाही मुद्दा आहे. पण नुसत्या तापमान-नाडीसाठी तुमचा प्रश्न खरा आहे. गाईडला विचारायची हिंमत गोळा करतोय.

---

तेरणाकाठ | ११ जुलै, दुपारी ३:४५

वाकवण्याचा हिशेबही करा की. थरावर येणारा ताण म्हणजे ढोबळमानानं एकूण जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉन आणि ५ मिमी त्रिज्या: सव्वा टक्का. पीईटीवरचा आयटीओ, म्हणजे वीज वाहणारा पारदर्शक थर, एक-दोन टक्क्यांत तडकतो, म्हणजे पेनाभोवती गुंडाळून तू आधी आयटीओच मोडत असशील आणि बोल पेरोव्स्काइटला लावत असशील. मनगटाची त्रिज्या ३ सेंमी धरली तर ताण ०.२ टक्केच. २५ मायक्रॉनचा पातळ पीईटी घेतला तर ५ मिमीलाही पावच टक्का. आणि वरून तेवढ्याच जाडीचं आवरण चिकटवलं तर सेल मधोमध येतो, जिथं ताणही नाही अन् दाबही नाही.

ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठाच्या गटानं २०१५ मध्ये १.४ मायक्रॉनच्या पीईटीवर १२ टक्क्यांचा सेल केला होता, सगळा मिळून ३ मायक्रॉन जाड. खेळण्यातली विमानं उडवली त्यावर. इतकं पातळ झालं की रुमालासारखं चुरगाळलं तरी थराला ताण जाणवत नाही. हाताळायचं कसं, ते मात्र त्यांनाच विचार.

---

गोदाकाठ | १४ जुलै, रात्री ११:३०

तीन दिवस गायब होतो, कारण खडूस सरांचं ऐकलं.

मध्य: १४ अंशाजवळचं पेरोव्स्काइटचं शिखर उंच, बाकी साफ. कड: ११.८ ला शिखर! पिवळी अवस्था. डोळ्यांनाही कडेची फिल्म जरा तपकिरी दिसते, मी ती आजवर 'कडेला असं होतंच' म्हणून सोडून देत होतो.

मग हॉटप्लेटशेजारी उभा राहून नुसतं बघत बसलो. पीईटी ७०-८० अंशाच्या पुढं मऊ पडायला लागतो. स्पिन करताना मी तो दुहेरी टेपनं काचेवर चिकटवतो, पण तापवायच्या आधी सोलून काढत होतो, उष्णता थेट लागावी म्हणून. थेट कसली लागते? ठेवल्यावर मिनिटभरात पापडासारखा कडेनं उचलला, चांगला एक मिमी. खाली हवा, आणि हवा उष्णता वाहून न्यायला काचेच्या चाळीसपट वाईट. कागदावर मांडलं तर एक मिमीच्या फटीनं कड सुमारे वीस अंशानं थंड राहायला पाहिजे. म्हणजे प्लेट १०० दाखवायली, मध्य १०० वर आणि कड ८० वर. एकाच चुलीवर दोन भाकरी, एक भाजलेली, एक कच्ची.

काका, तुमचं 'पहिल्या अर्ध्या तासात ठरतं' आठवलं. आमच्यात पहिल्या अर्ध्या मिनिटात.

---

निवृत्त_पॅनमन | १५ जुलै, सकाळी ६:३०

पॅनमध्येही हेच. वाफेच्या वेटोळ्याला खरकटं धरलं की एका बाजूचा पाक गार राहतो, तिकडं दाणा वेगळा पडतो. आधी भांडं बघावं, मग पाकाला दोष द्यावा.

---

खडूस_परीक्षक | १५ जुलै, सकाळी १०:१५

आता कसं. काचेवरून सोलू नका, तसाच तापवा. टेपखालचा बुडबुडा रबरी रोलरनं काढा, तिथं थर फुगीर होतो. पैसे असतील तर पीईएन प्लास्टिक घ्या, तो १२० अंशापर्यंत ताठ राहतो. पैसे नसतील हे मी गृहीत धरतो.

काही गट झगझगीत दिव्याचा मिलिसेकंदाचा झोत मारून नुसती फिल्म तापवतात, प्लास्टिकला पत्ता लागायच्या आत काम होतं. गुंडाळीवर सलग छपाई करायची असेल तर तोच रस्ता. क्लोरोबेन्झिनऐवजी तिथं नायट्रोजनची धारदार फुंकर. पण तो तुमचा आजचा प्रश्न नाही.

दुसरं दुखणं तुम्ही अजून सोडवलेलं नाही. मधले, चांगले सेलही वाकवून मरतात ना?

---

विरी_गेलेलं_पीठ | १५ जुलै, दुपारी ४:०५

मी गृहिणी, विज्ञानाशी संबंध बारावीपर्यंतचा. पण हे दाणे-तडे वाचून राहवलं नाही.

गव्हाच्या पोळीची घडी होते, ज्वारीची भाकरी मोडते. ज्वारीत चिकटा नाही. नव्या पिठाची निभते, पण पीठ विरी गेलं की थापतानाच काठाला चिरा जातात. मग आम्ही आधण ठेवतो, उकळतं पाणी घालून पीठ मळतो, तेवढ्यानं चिकटपणा येतो. पिठाचा कण बदलत नाही, कणाकणांमधलं बदलतं.

तुम्ही दाणा मोठा करायच्या मागं लागलात. मोठा दाणा म्हणजे रवाळ पीठ. रवाळ पिठाची भाकरी जास्त चिरते हो.

---

तेरणाकाठ | १५ जुलै, दुपारी ४:२०

ताई, तुम्ही गाईड व्हा.

---

खडूस_परीक्षक | १५ जुलै, रात्री ८:५०

ताईंशी सहमत, आणि हे मी फार कमी वेळा लिहितो.

काचेवर मोठा दाणा चांगला, कारण बांध कमी. बांध म्हणजे दोन दाण्यांमधली सीमा, हा शब्द मी वर्गात वापरतो, मराठवाड्यातल्या पोरांना लगेच कळतो: भांडणं सगळी बांधावरच होतात. आयोडाइडच्या रिकाम्या जागा तिथं, एकटं पडलेलं शिसं तिथं, आयनांची पळापळ तिथूनच, पाणी शिरतं तेही तिथूनच. प्रकाशानं सुटलेला इलेक्ट्रॉन तिथं अडकून वाया जातो.

वाकणाऱ्या सेलमध्ये याच बांधांवर आणखी एक काम पडतं. ताण त्यांनाच सोसायचा असतो. दाणे मोठे आणि बांध थोडे, म्हणजे सगळा ताण थोड्याच जागी, तडा तिथूनच. म्हणून बांध नुसते कमी करून चालत नाही, ते मऊ आणि बुजलेले लागतात. द्रावणातच थोडा लवचिक पॉलिमर घालतात, पॉलियुरेथेनच्या जातीचा. तो दाण्यात शिरत नाही, बांधावर जाऊन बसतो. त्याचे ऑक्सिजन-नायट्रोजन एकट्या शिशाला धरतात आणि वाकवताना तो रबरासारखा ताणला जातो. ताईंचं आधणाचं पाणी तेच. जास्त घातलात तर मात्र तो वीज अडवतो. पृष्ठभागावरचे दोष बुजवायला फेनेथिलअमोनियम आयोडाइड या क्षाराचा हात द्या.

आणि एक विरोधाभास. पेरोव्स्काइट तापून थंड होताना काचेच्या चार-पाचपट आकसतं, म्हणून काचेवरची फिल्म कायम ताणलेली असते, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी. प्लास्टिकचं आकसणं त्याच्या जवळचं. म्हणजे या एका बाबतीत प्लास्टिक तुमच्या बाजूनं आहे. फिल्म बाहेरच्या अंगाला ठेवून किंचित कमानीवर तापवली आणि मग सपाट केली तर उलट दाबही मिळतो.

---

सावध_पालक | १६ जुलै, सकाळी ७:५०

सगळं छान, पण शिसं मनगटावर? घामात?

---

गोदाकाठ | १६ जुलै, सकाळी ११:००

रास्त प्रश्न. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस सेंमीला सुमारे ०.२ मिलिग्रॅम पदार्थ, त्यातलं एक तृतीयांश शिसं. दहा चौ. सेंमीच्या पट्ट्यात पाऊण मिलिग्रॅमच्या आत. थोडं आहे, पण शिशाचं आयोडाइड पाण्यात थोडंफार विरघळतं, त्यामुळं 'थोडंच आहे' म्हणून मी कुणाच्या हातावर बांधणार नाही. दोन्ही बाजूंनी बाष्परोधक आवरण लागतं. साधा पीईटी पाण्याची वाफ आरपार सोडतो, तो त्या कामाचा नाही. आवरण सेलपेक्षा महाग पडणार, हे अर्धवट_इंजिनिअर यांनी विचारायच्या आधीच कबूल करतो.

आणि मला व्यक्तिगत निरोपात 'घरी करता येईल का' विचारणाऱ्या भावी शास्त्रज्ञा, नाही. डीएमएफ कातडीतून आत जातं आणि सोबत विरघळलेलं शिसं असतं. खडीसाखर कर दोऱ्यावर, तत्त्व तेच आहे.

---

गोदाकाठ | २ ऑगस्ट, रात्री १०:१०

लवकर लिहिणार होतो, पण हॉटप्लेटचा फ्यूज, मग पोळ्याआधीची गावाकडची कामं, चालायचंच.

पीईटी काचेवर चिकटलेलाच तापवला. कड आणि मध्य आता सारखे काळे, ११.८ चं शिखर गेलं. आठपैकी सात सेल एकमेकांच्या जवळ आहेत. आठवा माझ्या नखानं गेला.

पॉलिमर दोन मात्रांत घालून बघितला. कमी मात्रेत दाणे आधीपेक्षा बारीक दिसतात, फोटो अगदी सामान्य, पेढे वाटण्यासारखा मुळीच नाही. जास्त मात्रेत करंट पडला, खडूस सर म्हणाले तसं. कमी मात्रेचे सेल ३ सेंमीच्या पाईपवर पाचशे वेळा वाकवले, बहुतेक सगळे जिवंत आहेत. पेनावर अजूनही मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर तेरणाकाठ खरे निघाले, समांतर तडे आयटीओला आहेत.

गाईडला बटण सेलचा प्रश्न विचारला. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, 'जीपीएसचा खप मोजून आण.'

---

निवृत्त_पॅनमन | ३ ऑगस्ट, सकाळी ६:४५

दोन्ही फोटो टाका, आधीचा आणि आताचा. नातवाला दाखवायचं आहे की टपोरा दाणा नेहमी भाव खात नाही.